वजनाची वही

ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे,
वूच शहर जिथे संपता संपत नाही,
तिथे आमचा तुकडा. तीनशे चौरस मीटर,
पत्र्याची खोप, एक नळ,
आणि एक जर्दाळू, जो दर मोहराला थंडीचा मार खातो.

मी एकतीस वर्षं सूतगिरणीत काटा सांभाळला.
गिरणी मिटली तेव्हा काटा घरी आणला.
विकत. पावती आहे.

मे महिन्यात थंडगार झोफियाचा दिवस उलटला
की मी नवी वही उघडते.

तीन जून. मुळे, चारशे दहा ग्रॅम.
दोन भेगाळलेले, एक आतून पोकळ,
तसंच लिहिलं. मापात पाप नको.

पाच जून. चुका दोनशे, शेपू साठ.
शेपूचं वजन ते काय, सगळा वासच,
आणि काट्याला वास कळत नाही.
ट्राममधल्या बाईला कळला;
दोन थांबे ती माझ्या पिशवीकडेच बघत होती,
तिसऱ्याला मी एक काडी मोडून दिली.
(वजा: एक काडी.)

आठ जून. कोवळी बिटं, पाल्यासकट.
बोटं दोन दिवस गुन्हेगारासारखी लाल.
रात्री त्यांचं दह्यातलं गुलाबी गार सार,
वर अर्धं अंडं,
आणि झेनोनचं दरवर्षीचं वाक्य:
"हिवाळा गेला वाटतं."

कुंपणावरून ल्युत्सिनाने स्ट्रॉबेऱ्यांचा वानोळा दिला,
पानात गुंडाळलेला, अजून उन्हाने कोमट.
वानोळा तोलायचा नसतो,
एवढं काटेवालीलाही कळतं.

वाटाण्याचा हिशेब मात्र कधी लागला नाही.
एकोणीस वर्षांच्या वह्या काढून बघा:
वाटाणा, निरंक. वाटाणा, निरंक.
एका वर्षी चाळीस ग्रॅम.
वेल काठ्यांच्या डोक्यावरून परत खाली वळलेले,
शेंगांच्या भाराने जाळी कललेली,
आणि काट्यापर्यंत येते ती रिकामी परडी.
आधी मी काळ्या पाखरांवर आळ घेतला.
मग ल्युत्सिनाच्या नातवावर.
मग एकदा खोपीआडून पाहिलं:
झेनोन सरीत उभा, टोपी मागे सरकलेली,
अंगठ्याखाली शेंग. टच्.
सात दाणे थेट तोंडात, डोळे मिटून,
आणि टरफल खिशात, पुरावा म्हणून नव्हे,
पुरावा उरू नये म्हणून.

मी बोलले नाही. तोही नाही.
त्याच्या विजारी धुताना खिसे मी उलटे करत राहिले.

यंदा मार्चमध्ये त्याचा गुडघा बदलला.
सरीत उतरायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय.
तो पालथ्या बादलीवर बसतो,
काठीने मला तण दाखवतो, जे मला दिसलेलंच असतं.

बावीस जून.
वाटाणा, एक किलो सहाशे चाळीस.

मी काटा दोनदा झटकला, पासंग तपासला.
आकडा तोच. सुंदर आकडा.
निळ्या शाईत लिहिला,
आणि ते पान बघवेना.

परडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.
"सोलून ठेव," म्हटलं, "मी कांद्यांना पाणी घालते."
कांद्यांना पाणी सकाळीच घातलं होतं.
नळ पुरता सोडला, धो धो,
पाठ त्याच्याकडे.

तरी ऐकू आलंच.
टच्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टच्, टच्, टच्.

कांद्यात चिखल झाला, बूट रुतले.
परत आले तर वाडग्यात तळाला नऊ दाणे
आणि तो ढगांकडे बघतोय.
"किडके होते बरेच," म्हणाला.
"असतात," म्हटलं.

एक किलो सहाशे चाळीसवर आडवी रेघ मारली,
पुढे लिहिलं: निरंक.
एवढ्या वर्षांतली ही पहिली खोटी नोंद.
शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.
एक मुंगी आली,
आकड्यावरून न थांबता
पलीकडे उतरली.