खालची लाईन

बाबालाल मुजावरची मान वरच राहिली.
तीस वर्षं खणभागात तारा बघत हिंडला;
पोरीच्या लग्नाच्या फोटोतही
तो मांडवाच्या वायरिंगकडंच बघतोय.

वरचं दुखणं दिसायचं:
जळालेलं वटवाघूळ, उडालेला जंपर,
बोळात कुणीतरी रात्री टाकलेला आकडा.
काढला, की त्याच घरातून चहा यायचा,
न बोलता.

पुराच्या साली आम्ही दोघं होडीतून गेलो.
मेलेल्या तारा डोक्याला लागत होत्या.
त्यानं एक उचलून धरली,
दोरीवरची ओली लुंगी उचलावी तशी,
आणि म्हणाला, वाक.

आता सगळं खाली गेलंय.
गच्चीवरून थेट आयर्विन पूल दिसतो.
कावळे डिशवर बसायला शिकले.
लाईट गेली, की रस्ता
काहीच सांगत नाही.

काल हरिपूर रोडला जॉइंट गेला.
नकाशात केबल गटारीच्या अलीकडं,
मशीनच्या मते पलीकडं.
ठोके सोडले, तर वर रिक्षांचा गोंगाट.
बाबालाल दूध घेऊन घरी चालला होता,
रिटायर होऊन चार वर्षं झालेली.
पिशवी माझ्याकडं दिली,
रिक्षावाल्यांना हात करून थांबवलं,
गुडघे टेकले, डांबराला कान लावला.
मान खाली यायला वेळ लागला.

"हितं," म्हणाला.

खणलं. तिथं नव्हतं.
तीन फूट पुढं होतं.