निम्मं-निम्मं धरायचं

केमचीच्या बंदर-कचेरीत वीज गेली
की जुना संगणक उठतो तो थेट
३१ डिसेंबर १९६९ ला, रात्रीच्या नऊ वाजता.
त्याच्या पोटातली बटणाएवढी बॅटरी मेली आहे.
नवी पुएर्तो मोंतहून येणार, तीन महिने येतेच आहे.
एदेल्मिराबाई पडद्याकडे बघून म्हणतात,
"घ्या. मी पुन्हा नऊ वर्षांची."
आणि चुलीत एक ओलं लाकूड सारतात.

मी इथे नवा. मला त्यांनी शिकवलं ते असं :

आपण विचारायचं, किती वाजले.
विचारताना आपली वेळ टिपायची, चुकीची असली तरी.
तिकडे सांतियागोतला म्हणतो,
तुझा प्रश्न मला अमक्या क्षणी पोचला,
उत्तर तमक्या क्षणी सोडलं.
ते हाती पडलं की आपण पुन्हा टिपायचं.
चार आकडे. बाकी सगळी वजाबाकी.

"पण वाटेत गेलेला वेळ?"
"जाऊन-येऊन किती, ते कळतं.
जायला किती आणि यायला किती, ते नाही कळत."
"मग?"
"मग निम्मं-निम्मं धरायचं."
"आणि तसं नसलं तर?"
त्यांनी बाहीनं खिडकीची काच पुसली. बाहेर
खाडी ओहोटीत उघडी पडलेली, होड्या कुशीवर.
"नसतंच तसं.
पण ते सिद्ध करायला आधी
दोन्ही टोकांना एकच घड्याळ हवं ना."

एकाला विचारून भागत नाही. चौघांना विचारायचं,
म्हणजे एक खोटं बोलला तर तिघांत उघडा पडतो.
हे यंत्र दिवसाला दोन सेकंद पुढे पळतं,
चूल पेटलेली असली की जरा निराळं.
खोड जात नाही, बाई म्हणतात,
ती लिहून ठेवली की पुरे.
आणि चूक सापडली म्हणून काटा मागे ओढायचा नाही,
नाहीतर नोंदवहीत होडी सुटण्याआधी पोचते.
सेकंद किंचित लांबवत न्यायचा,
कुणाला कळूही नये इतका.

मात्र फरक वर्षांचा असला
की प्रोग्राम हात जोडतो आणि बंद पडतो.
तेव्हा माणसानं उठून
आजची तारीख हातानं घालायची.

कुस्तोदियो, त्यांचा थोरला भाऊ,
सत्तरच्या मार्चमध्ये मेंढ्यांची लोकर कातरायला
रियो गायेगोसला गेला. एका हंगामापुरता.
त्या पत्र टाकत, उत्तर यायचं चौदा महिन्यांनी.
सात जायला, सात यायला, असा हिशेब
एका दहा वर्षांच्या मुलीनं केला
आणि तो बराच काळ बदलला नाही.
(पत्र अकरा दिवसांत पोचत असे.
हे त्यानंच सांगितलं, पुष्कळ नंतर, हसत.)

आता तो रविवारी फोन करतो.
हिवाळ्यात दोघांत एक तासाचं अंतर, उन्हाळ्यात शून्य;
ते सरकार ठरवतं, आतलं घड्याळ नाही.
बाई काहीतरी बोलतात. मग शांतता.
मग तिकडून हसू येतं, थोडं उशिरा.

परवा वादळात पुन्हा वीज गेली, आली.
पडद्यावर रात्रीचे नऊ, वर्ष संपायला तीन तास.
त्या घरी तेव्हा बटाटे किसले जात असणार,
कुस्तोदियो दारातल्या ओल्या पायऱ्यांवर बसून
बूट काढत असणार. मला काय ठाऊक.
बाईंचा हात कळफलकावर होता, हलत नव्हता.
मी चहाचं पाणी ठेवायला गेलो
आणि मुद्दाम वेळ लावला.

महिनाअखेर नोंदी तपासताना सापडलं :
मेचुकेहून आलेल्या दोन होड्या,
शिंपले अठरा पोती, मेंढरू एक,
आगमन १९६९.
दुरुस्त करायला पेन उचललं होतं.