निरंक

साइट बंद करायच्या दिवशी
हेड ऑफिसचा फॉर्म येतो.
रकाना नववा : प्रकल्पातून मिळालेले धडे.
कोणीतरी चार ओळींपुरती जागा सोडलीय.

मे संपत आलाय. बेसा रोड.
कूलरमध्ये पाणी नाही, नुसता आवाज.
चौदा महिने झाले. सात मजले,
आणि बी विंगच्या पायथ्याशी
करंगळी जाईल एवढी एक भेग,
जिचं कागदावरचं नाव किरकोळ दुरुस्ती.

शालिक निखारेला ती आधीच दिसली होती.
पहिल्या आठवड्यात त्यानं खड्ड्यातली काळी माती
मुठीत दाबली, गोळा वळला,
कमरेच्या उंचीवरून सोडला.
फुटला नाही.
"मॅडम, हे माती पान्यानं फुगते, उन्हानं फाटते.
चौदा फुटावर मुरूम लागन, त्याच्या आधी थांबू नका.
पूर्वेकडून तं नाला होता. बुजवला."
तुला कसं माहीत?
"बाजूच्या प्लॉटवर होतो ना मी.
त्याईचाबी कोपरा बसला."

बाजूच्या प्लॉटचा अहवाल
दुसऱ्या कंपनीच्या कपाटात आहे.
किल्लीवाला माणूस आता दुबईत.
आमच्या सल्लागारानं नवी बोअर घेतली,
पश्चिमेला,
कारण कडुलिंबाची सावली तिकडे होती.

मीटिंग इंग्रजीत झाली.
शालिक तेव्हा गेटवर
टँकर मागं घ्यायला हात दाखवत होता.
माझ्या वहीत होतं : पूर्वेला नाला?
प्रश्नचिन्हासकट.
मी विचारलं नाही.
नोकरीचा अकरावा दिवस होता.

आणि फुलेश्वरी, राजनांदगावकडची, क्युरिंगला.
बारा नंबरच्या कॉलमकडे बोट करून
सुखाथे, सुखाथे, म्हणत राहिली दुपारभर.
आम्हाला वाटलं, घशाचं सांगतेय.
तिला पाणी प्यायला दिलं.
कॉलमला नाही.

पण शालिकही सगळं सांगणाऱ्यातला नव्हता.
उन्हाळ्यात स्लॅब पहाटे तीनला का,
खडीवर ओली पोती किती वेळ,
पाण्यात बर्फ किती,
हे तो बोटं बुडवून ठरवायचा,
आणि मी वही काढली की बिडी पेटवायचा.
"लिहून घेता? घ्या.
मंग पुढच्या टायमाले शालिकले कोन बोलावन?
तुमची वहीच ढलाई करन."

मला उत्तर सुचलं नाही.
माझ्याही खणात देवघरे साहेबांची दरांची फाइल आहे,
त्यांनी निवृत्तीच्या दिवशी दार लोटून दिलेली.
ईशाननं दोनदा मागितली.
शोधते, म्हटलं. दोन्हीदा.

होळीनंतर शालिक गेला.
कोणी म्हणतं रायपूर, कोणी कोराडी.
फोन बंद.

जुन्या साइटचे फॉर्म उघडून पाहिले.
अंतिम. अंतिम दोन. खरंच अंतिम.
सगळ्यांचा नववा रकाना सारखा.
मी टाइप केलं : पूर्वेच्या बाजूला
तेवढ्यात साहेब मागं येऊन उभे.
"धडा लिहिला की चूक कबूल केली.
शेवटचं बिल अडकेल, मग मला सांगू नका."
ते आवाज चढवत नाहीत. त्यांच्या मुलीची फी भरायचीय.

निरंक, मी लिहिलं.
छोटा शब्द. चार ओळींत
साडेतीन उरल्या.

बाहेर मजुरांची शेड उतरवत होते.
पत्रे हिंगण्याच्या साइटवर जाणार,
तिथंही म्हणे काळीच माती.
एका पत्र्याच्या आतल्या अंगाला
कोळशानं लिहिलेलं, धुरानं अर्धं खाल्लेलं :
१४ फु. मुरूम. पूर्व, पानी.
खाली बाण. बाणाचं टोक
पत्रा होता तेव्हा बरोबर नाल्याकडे असणार.
पोरांनी तो ट्रकमध्ये उलटा टाकला.
आता बाण आभाळाकडे.

"मॅडम, हे कशाचं माप आहे?" ईशाननं विचारलं.
ट्रकवाला दोर आवळत होता.
सांगते, म्हटलं,
आणि कुठून सुरू करावं
ते कळेना.