शेरा

देवपुरात उतार आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही.
सायकलवाल्याला कळतो, पाण्याला कळतो.
मला कळला लेव्हलची नळी धरून हिंडताना,
दुसऱ्या टोकाला सुपडू बिगारी.

योजना अशी :
आपल्या आवारातलं पावसाचं पाणी जो आवारातच जिरवील
त्याला गटार-उपकरात सूट.
कागद सोपा. छपराची लांबी गुणिले रुंदी,
खड्ड्याचं माप, मालकाची सही,
खड्ड्याशेजारी उभं राहून काढलेला एक फोटो.
(फोटोत सगळे लग्नातल्यासारखे उभे राहतात.)

अहिरराव सरांच्या खड्ड्याला फरशीचं देखणं झाकण.
उचललं तर आत रंगाचे डबे, जुनी सायकल.
'पाऊस आला की काढतो ना!'
त्यांचा चहा प्यायलो आणि लिहिलं : नामंजूर.

बोरसे मॅडमचा खड्डा खरा,
पण काळ्या मातीतच थांबलेला.
काळी माती पाणी पिते आणि फुगून बसते.
आम्ही बादली ओतली, घड्याळ बघितलं.
वीस मिनिटांनी पाणी तसंच,
त्यात आमची दोघांची तोंडं.
'मुरूम लागेपर्यंत खणा,' मी म्हणालो.
सुपडू म्हणाला, 'आखो दोन हात, ताई. आखो.'

माझे आजोबा पांझरेच्या फडावर पाटकरी होते.
सकाळी उठून आधी जायचे
शेंड्याच्या, सगळ्यात शेवटच्या वावराकडे,
चिखलात पायाचा अंगठा दाबून बघायचे,
मग उलटे चालत बंधाऱ्याशी.
उलटे का, हे मी कधी विचारलं नाही.

अर्ज क्रमांक एकशे सत्तेचाळीस. हिलाल बागूल,
एस.टी. वर्कशॉपातून निवृत्त.
मुलानं दिवाळीला बसवलेले पेव्हर ब्लॉक
यांनी पहारीनं उचकटले.
मुलगा तीन आठवडे बोलला नाही.
अकरा फूट खोल. तळाला डबर, वर खडी, वर वाळू,
तोंडाला जुन्या मच्छरदाणीची जाळी.
बादली ओतली
आणि सुपडूनं ती खाली ठेवायच्या आत पाणी गेलं.
आम्ही दोघं उगीचच खाली वाकून बघत राहिलो.

सूट निघाली वर्षाला दोनशे अठरा रुपये.
'खड्डाले नऊ हजार गयात,' बागूल हसत म्हणाले,
'किती वरीस लागतीन फिटाले?'
एक्केचाळीस.
त्यांचं वय एकाहत्तर.
मी कॅल्क्युलेटर खिशात ठेवला.

भाद्रपदात एका रात्री दोन तास कोसळला.
सकाळी पंचनाम्याचं पुस्तक घेऊन
उताराच्या तळाला गेलो, नेहमीसारखा,
शकीराबी मोमीन यांच्या घरी.
चौकटीवर गेल्या वर्षांच्या गाळाच्या रेषा,
पोरांची उंची मोजावी तशा.
यंदाची रेष शोधली. सापडली नाही.

शिलाई मशीन दरवर्षी विटांवर चढायचं,
प्रत्येक पायाखाली दोन.
मग पायडलला पाय पोचावा म्हणून
त्या तेलाच्या डब्यावर बसून शिवायच्या,
कंबर धरून.
आता मशीन एकेका विटेवर होतं,
डबा कोपऱ्यात, त्यात पीठ.
पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, म्हणाल्या,
थांबलं, आणि आलं तसं गेलं.
बागूल कोण, त्यांना माहीत नाही.

एका खड्ड्यानं हे होत नाही, मला कळतं.
वरच्या अंगाला असे एकोणीस खड्डे आहेत,
आणि पाऊसही कदाचित हात राखून पडला असेल.
तरी कचेरीत येऊन मी फाईल उघडली.
लिटर होते, चौरस फूट होते, रुपये होते.
शेवटी 'शेरा' म्हणून दोन बोटं जागा.
तिथे लिहिलं :
चार विटा कमी.

फाईल आज परत आली आहे.
साहेबांनी लाल पेनानं विचारलंय :
कुठल्या विटा? पावती जोडा.