नव्वद दिवस

व्हिसा लागत नाही, हे मी बसमध्येच तीनदा सांगितलं.
पासपोर्ट, परतीचं तिकीट,
आणि हे कार्ड, दोन्ही बाजूंनी भरायचं.
खाडाखोड नको. पेन माझ्याकडे आहे.

बुसानहून बोट सुटली, समुद्र तव्यासारखा सपाट.
सहलीतल्या बायका करीच्या वड्या नि डोळ्यांच्या थेंबांच्या
याद्या करत होत्या,
आणि को मल-सून, वय ब्याऐंशी,
योंगदोच्या खडकांत साठ वर्षं बुड्या मारलेली,
चष्मा कपाळावर सारून म्हणाली,
"पोरी, तू वाच. मी सांगते."

येण्याचा हेतू?
पर्यटन, व्यवसाय, नातलगांची भेट.
जरा थांबली.
"नातलग कुणी उरलं नाही. पर्यटनच लिही."
मुक्काम? आजचाच.
बंदूक, तलवार, दारूगोळा?
"शिंपले उचकटायची पहार घरी ठेवलीय.
तसंही लिहायचं का?"

या देशातून पूर्वी कधी
तुम्हाला परत पाठवण्यात आलं आहे का?
'नाही'वर खूण करणारच होते.
"थांब," ती म्हणाली.
"तीन वर्षांची होते. लढाई संपलेली.
आईच्या पाठीला बांधलेली,
मासेमारीची होडी, रात्र.
पाठवलं की आपणच निघालो,
ते आईला विचारायला हवं होतं."
त्या चौकटीत दोनच उत्तरं मावतात.
जन्म कुठला, हे मात्र कार्ड विचारत नाही.

हिताकात्सूला रांग गोगलगायीची.
दोन्ही तर्जन्या काचेवर, नजर कॅमेऱ्यात.
काचेला तिची बोटं दिसेनात.
आबिरू नावाचा पोरगेला अधिकारी
ओला रुमाल देतो, मग कोरडा,
मग स्वतःच तिचं बोट दाबून धरतो.
रेषाच नाहीत. मिठाने नि खडकाने
हिवाळ्यागणिक थोड्या थोड्या नेल्या.
"हात बघणाऱ्याने पैसे परत केले होते," ती माझ्या कानात.
वरिष्ठ येतात, कुजबुजतात.
मागे कुणीतरी घड्याळ पाहतं, मीही.
अखेर यंत्राची समजूत पटते
आणि पासपोर्टात चिकटतो कागद: नव्वद दिवस.

दुपारी टेकडीवर नेलं.
हवा निवळ असली की तिथून बुसान दिसतं.
"जन्मभर तिकडून हे बेट पाहिलं," ती म्हणाली,
"इकडून आम्ही कसे दिसतो, तेवढं बघायचं होतं."
नेमकं धुकं.
तरी कठड्याला धरून उभी राहिली,
बाकीच्या दुकानांत शिरल्या तोवर.

परतीच्या बोटीत तिने पासपोर्ट उघडला,
तो कागद अंगठ्याने चाचपला.
"यातला एक संपला.
उरलेले एकोणनव्वद
कुणाला देता येतात का?"

नाही आजी, मी म्हटलं, तसा नियम नाही.
ती हसली, पिशवीतून संत्रं काढलं,
सोलून अर्धं मला दिलं.