तिसरी रात्र

मुद्देमालाच्या खोलीत माझी रात्रपाळी.
ग्लासगो. डिसेंबर. चारलाच अंधार.
काम एवढंच, फोन विझू द्यायचे नाहीत:
एकशे बारा पिशव्या, चंदेरी,
बाहेरून कुणी हाक मारली तरी आत पोचू नये अशा,
आणि प्रत्येकीतून निघालेली एक वायर.

तरी तिसऱ्या रात्री ते मिटतात.
कुणी हात लावला नाही की
आपले आपण बंद होऊन पुन्हा उठतात,
आणि उठल्यावर कुणाला ओळखत नाहीत.

अठ्ठेचाळीस नंबर कॅलमचा. वय सतरा.
पोरगं मूग गिळून बसलंय.
यांना सायकली पुरवणारा माणूस त्या फोनात आहे
हे गिलक्रिस्टसाहेबांना ठाऊक, मला ठाऊक,
चहाच्या मशीनलाही ठाऊक.

सत्तेचाळीस त्यानं हिसकावलेला.
विकायला नेला तर दुकानदार म्हणाला,
वीट आहे ही. वीट कोण घेतं?
म्हणून खिशातच सापडला.

तो एफी लॅमॉन्टबाईंच्या नवऱ्याचा.
नवरा जाऊन चार दिवस झालेले,
बस स्टॉपवर त्याचा आवाज ऐकत उभ्या होत्या.
बोट त्यांचंही चालायचं. आकडा फक्त त्याला माहीत.

मंगळवारी आल्या. हातमोजा काढला,
बोट टेकवलं.
फोननं आकडा मागितला.
लग्नाची तारीख. कुत्र्याचा वाढदिवस.
घराचा नंबर, दोनदा.
मग तो म्हणाला, एक तासानं प्रयत्न करा.
त्या तासभर बसल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर,
एकच मोजा घालून.
ते बोट चोरानं नव्हतं नेलं.
ते आमच्या कपाटात हरवलं,
पावतीसकट.

कुलूप सज्जनासाठी, म्हणतात, चोराला कसलं कुलूप.
हे कुलूप मात्र माणूस बघत नाही.

साहेब म्हणतात, कंपनीनं एक किल्ली आपल्याला द्यावी.
फक्त आपल्याला.
मी मान डोलावते.
या खोलीच्या किल्ल्या चार, रजिस्टरवर सह्या चार,
हुकावर तीन.
चौथीबद्दल पाच वर्षांत कुणी विचारलं नाही
आणि मी सांगितलं नाही.

पहाटे सत्तेचाळीसची वायर नीट बसवते.
चार्ज शंभर टक्के.
खिशात माझा फोन थरथरतो. घरून निरोप.
आकडा टाकताना
रिकाम्या खोलीतही
मी पडद्यावर तळहात धरते.