पुंता अरेनासची बॅग

मेंढ्या उतरवायला निघायचं असलं
की मला काही आठवावं लागत नाही.
हात आपले आपण भिंतीवरून फिरतात:
पोंचो, सुरी, मातेच्या पानांची पिशवी, काळी किटली,
मिठाचा डबा,
पंजांना चोळायची चरबी,
आणि दाभण-दोरा, कारण तारेचं कुंपण
दर वर्षी कुणाचं तरी पोट फाडतंच.
तोवर तिघंही दाराशी.
तिसोन घोड्याच्या पुढे निघतो,
निएब्ला घोड्याच्या सावलीतून,
आणि सार्हेंतो, आता म्हाताराच तो,
सगळ्यांत शेवटी उठतो
आणि पाण्यावर सगळ्यांच्या आधी पोचलेला असतो.

ही बॅग वेगळी.
एउसेबियोने घेतलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
एकदाच बाहेर पडली, तीही पावसात भिजायला.
डांबरगोळ्यांचा वास अजून आहे.
पलंगावर उघडली आणि घर गप्प झालं.
सार्हेंतोने आत डोकं घालून कोपरा न् कोपरा हुंगला.
यात आपलं काही नाही
हे त्याला माझ्याआधी कळलं.

लेक फोनवर म्हणाली,
"चौथा मजला, आई. गालिचा आहे. कुत्री नकोत हं."
मी म्हटलं, कुत्री कोण आणतंय!
आणि फोन ठेवून
घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

शहरात काय न्यायचं असतं?
दोन झगे. रात्रीचा एक. हॉस्पिटलचा कागद.
लोकरीचे मोजे भरले, काढले, भरले.
डाव्या डोळ्यातला मोती पिकलाय म्हणतात,
उजव्याचं पुढच्या वर्षी बघू.
दोन हिवाळे झाले,
पलीकडच्या उतारावरची मेंढी मला दिसत नाही,
तिसोन तेवढा दिसतो, वाळल्या गवतावर काळा ठिपका.
तो पोटावर बसला की कळप त्याच्या समोर आहे
असं मी धरून चालते
आणि शीळ घालते.
आजवर चुकले नाही.
हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.
लेकीला तर नाहीच.

नोल्बेर्तोसाठी कागद लिहिला, मोठ्या अक्षरात,
त्याचेही डोळे काही धड नाहीत:
मटण उकळूनच. कच्चं काळीज मुळीच नाही,
कुणी कसंही तोंड करून बसलं तरी नाही.
निएब्लाला आधी वाढ, ती मागत नाही.
तिसोनला शीळ लागते, हाक मारलीस तर
तो तुझ्याकडे नुसता बघेल.
सार्हेंतोला रात्री आत घे.
वाऱ्यावर भुंकेल. भुंकू दे.
वारा ऐकत नाही हे त्यालाही ठाऊक आहे.
आणि त्यांना सांग, दहा दिवस

ही शेवटची ओळ मग खोडली.
नोल्बेर्तो चांगला माणूस आहे,
पण गावभर सांगेल.

पहाटे बॅगेची कडी बसेना, गंजलेली.
खुंटीवरून सार्हेंतोची दोरी काढली,
दोन वेढे दिले, वर गाठ मारली.
आता जरा घरातली वाटायला लागली.
फाटकातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं नाही.
त्यात कौतुकाचं काही नाही,
मला कुठे काय दिसणार होतं.
मागे कुणी भुंकलं नाही एवढं मात्र ऐकलं.

थांब्यावर तिकिटाची खिडकी पन्नास पावलांवर.
बॅग बाकाशी ठेवली, तळवा तिच्यासमोर धरला
आणि म्हटलं, "थांब."
रोजच्या आवाजात. थोडं जरबेनंच.

कानात गाणी घालून चाललेला एक मुलगा
जागच्या जागी थांबला.
कानातलं काढलं, माझ्याकडे बघितलं,
मग बॅगेकडे, मग दोरीकडे.
हलावं की नाही, त्याला कळेना.

तिकीट घेऊन आले.
बॅग होती तिथेच, मुलगाही.
"चावते का?" त्याने विचारलं.
"शहाणी आहे," मी म्हटलं,
आणि दोरीचं मोकळं टोक
मनगटाला गुंडाळून घेतलं.